डिशचं चित्र फुटतंय, रेकॉर्डिंग अर्धवट येतंय: सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

चित्र चौकोन-चौकोन होऊन अडकतं, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येतं, रात्री लावलेलं रेकॉर्डिंग सकाळी अर्धंच सापडतं. या तिन्ही तक्रारींत पहिला संशय सेट-टॉप बॉक्सवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. दोष सापडतो गच्चीवर, एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) जोडलेल्या केबलच्या शेवटच्या दोन इंचांत. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी खुर्चीतून न उठता होणाऱ्या तपासण्या, मग बॉक्सच्या मागच्या, मग गच्चीवरच्या, आणि डिश हलवणं सगळ्यांत शेवटी. घाईनं आधी डिशचेच नट सैल केले की एका बिघाडाचे दोन होतात, आणि मग मूळ दोष कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

लक्षणं: चित्र कधी जातं ते टिपा

चित्र कसं फुटतं यापेक्षा ते कधी फुटतं यातून जास्त कळतं. दोन-तीन दिवस वेळ, हवा आणि चॅनेलचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं जातं आणि सर ओसरली की आपोआप येतं, तर तो बिघाड नाही. घरगुती डिश केयू बँडवर, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. पावसाचे थेंब या लहरींना शोषून घेतात आणि विखुरतात. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या घाटमाथ्याकडे आषाढात हे सोसावंच लागतं. पण नुसत्या बुरबुरीतही चित्र जात असेल, तर डिशचं तोंड थोडं सरकलं आहे आणि बॉक्स जेमतेम सिग्नलवर तग धरून आहे.

पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी तासन्‌तास चित्र नाही आणि सगळं वाळल्यावर येतं, तर पाणी कनेक्टरमध्ये, केबलमध्ये किंवा एलएनबीत शिरलं आहे.

वारा सुटला की येतं-जातं, म्हणजे खांब, क्लॅम्प किंवा कनेक्टर सैल आहे. झाडाची फांदी डिशसमोर झुलत असली तरी हेच लक्षण दिसतं.

रोज दुपारी एक ते चार जातं आणि संध्याकाळी पूर्ववत होतं, तर उन्हानं तापून एलएनबीची फ्रिक्वेन्सी सरकते आहे, नाहीतर बंद कपाटात ठेवलेला बॉक्स तापतो आहे.

मार्चच्या पूर्वार्धात किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, सलग काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. आठवड्याभरात ते आपोआप थांबतं, तेव्हा कशालाही हात लावू नका.

ठराविक चॅनेलच जातात आणि बाकीचे स्वच्छ दिसतात, तर बॉक्सकडून एलएनबीला पोहोचणारं व्होल्टेज तपासावं लागेल. थेट चित्र छान पण रेकॉर्डिंग खराब, याचा वेगळा विचार पुढे केला आहे.

खुर्चीत बसून

आधी पडद्यावरचा संदेश नीट वाचा. रिचार्ज संपला, कार्ड वाचता येत नाही, चॅनेल पॅकमध्ये नाही, हे संदेश सिग्नलचे नाहीत. त्यांच्यासाठी गच्चीवर जाण्यात अर्थ नाही. संदेशासोबत क्रमांक असेल तर लिहून घ्या, कंपनीला फोन केल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात. पडद्यावर काहीच नसेल, बॉक्सचा मेनूसुद्धा उमटत नसेल, तर टीव्हीचा सोर्स चुकून बदललेला असण्याची शक्यता मोठी. मेनू नीट दिसला की टीव्ही आणि एचडीएमआय केबल बहुधा संशयातून सुटले, दोष त्यांच्या पलीकडे आहे.

एखादंच चॅनेल गायब असेल आणि बॉक्स डीडी फ्री डिशचा असेल, तर ऑटो स्कॅन करून पाहा. तिथल्या चॅनेलच्या जागा लिलावानं दिल्या जातात आणि नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला चॅनेलची अदलाबदल होते. बॉक्स मात्र जुनीच यादी धरून बसतो.

मग मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. इथे अनेकांची फसगत होते. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत काहीतरी पोहोचतं आहे एवढंच, आणि त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही धरलेला असतो. डिश भलतीकडे वळवली तरी स्ट्रेंथ बरीच दिसू शकते. चित्र चालतं ते क्वालिटीवर. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य, तर एलएनबीपर्यंतचा मार्ग ठीक आहे आणि डिशचं तोंड हललं आहे, समोर आडोसा आहे किंवा सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार चुकला आहे. दोन्ही शून्य, तर केबल तुटली आहे, शॉर्ट आहे किंवा एलएनबी गेला आहे. दोन्ही बरे पण क्वालिटी वरखाली नाचते, तर सैल जोड.

सगळं नीट चालू असताना, स्वच्छ आकाशाच्या दिवशी, याच पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरत नाही.

रेकॉर्डिंगला साक्षीला बोलवा

रेकॉर्डिंगची तक्रार असेल तर गच्चीकडे जाण्याआधी पाच मिनिटं इथे द्या. खराब आलेला तुकडा दहा सेकंद मागे घ्या आणि पुन्हा चालवा. असं तीनदा करा. प्रत्येक वेळी चौकोन त्याच क्षणी, त्याच शब्दावर येत असतील, तर ते डिस्कवर तसेच लिहिले गेले आहेत. म्हणजे रेकॉर्ड होतानाच सिग्नल खराब होता आणि हार्डडिस्क बहुधा निर्दोष आहे. चौकोन दर वेळी वेगळ्या जागी येत असतील किंवा चित्र भलतीकडेच अडकत असेल, तर डिस्क नीट वाचली जात नाही, नाहीतर एचडीएमआय केबल किंवा तिचं पोर्ट सैल आहे. एवढ्या एका चाचणीनं निम्मं काम होतं, आणि तिला खर्च शून्य.

रेकॉर्डिंगचा आणखी एक उपयोग असतो. घरात कुणी पाहत नसताना सिग्नल कधी गेला हे त्यातून कळतं. पहाटे पाचच्या रेकॉर्डिंगमध्ये दवाच्या दिवसांत बिघाड आणि दुपारी बाराला सगळं स्वच्छ, तर ओल धरणारा कनेक्टर पहिला संशयित.

रेकॉर्डिंग मुळात झालंच नसेल, तर रात्री बोर्डाचं बटण बंद केलं होतं का, ते आठवा. आपल्याकडे झोपताना टीव्हीचं बटण बोर्डावरूनच बंद करायची सवय असते आणि बॉक्सही त्याच बटणावर असतो. टायमर लावलेल्या रात्री बॉक्स रिमोटनं स्टँडबायमध्ये ठेवायचा, बोर्डावरून बंद करायचा नाही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि काही बॉक्समध्ये ती उघडतच नाही. बॉक्स छोट्या इन्व्हर्टरवर घेतला तर हा त्रास जातो. त्याची विजेची गरज मामुलीच असते.

फ्री डिशच्या साध्या बॉक्समध्ये घड्याळाचं सेटिंग पाहा. तिथे जीएमटी अधिक ५:३० असं असायला हवं. ते शून्यावर राहिलं तर पहाटे ६ च्या अभंगांसाठी लावलेला टायमर सकाळी ११:३० ला सुरू होतो आणि भलताच कार्यक्रम रेकॉर्ड होतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर दुसरं काही शोधू नका. सुरुवात किंवा शेवट कापला जात असेल, तर कार्यक्रमाच्या वेळेआधी ५ आणि नंतर १० मिनिटं जास्तीची ठेवा. चॅनेल घड्याळाच्या काट्यावर चालत नाहीत.

यूएसबीवर रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सचं दुखणं बहुतेक वेळा पेनड्राइव्हमध्ये किंवा विजेत असतं. एचडी चॅनेलचं एका तासाचं रेकॉर्डिंग साधारण ३ ते ४.५ जीबी भरतं, साध्या चॅनेलचं १ ते १.५ जीबी. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. काही बॉक्स तिथे फाइल तोडून नवी सुरू करतात, काही थेट थांबतात. रेकॉर्डिंग दर वेळी तेवढ्याच लांबीवर थांबत असेल तर कारण हेच. बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट करणं चांगलं, मात्र त्यात आतलं सगळं पुसलं जातं. बाजारात मोठी क्षमता लिहिलेले बनावट पेनड्राइव्ह मिळतात. त्यांच्यात पहिले काही जीबी ठीक जातात आणि पुढचं सगळं कचरा होतं. लॅपटॉपवर तो मोठ्या फाइलींनी काठोकाठ भरून त्या फाइली परत उघडून पाहिल्या की खरं-खोटं कळतं.

हार्डडिस्क लावली असेल तर ती फिरायला सुरुवात होताना जास्त करंट ओढते. साधं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशोबाचं असतं आणि डिस्कला त्या क्षणी त्याच्या दुप्पटही लागू शकतं. मग डिस्क ‘टक्‌-टक्‌’ करून थांबते, किंवा बॉक्सच पुन्हा सुरू होतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली डिस्क किंवा वीज पुरवणारा यूएसबी हब लावा. असा हब लावूनही आवाज तसाच राहिला तर डिस्क मरणपंथाला आहे. आणि डिस्क कधीही काठोकाठ भरू देऊ नका, दहावा हिस्सा तरी मोकळा ठेवा.

दोन ट्यूनरचे रेकॉर्डर, म्हणजे एक चॅनेल पाहत दुसरं रेकॉर्ड करणारे, यांतल्या अनेकांना मागे दोन केबल लागतात आणि वर दोन तोंडांचा, म्हणजे दोन केबल जोडता येणारा एलएनबी लागतो. दुसरी केबल मेली तरी साधं पाहणं चालूच राहतं, म्हणून महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. फक्त ‘पाहताना रेकॉर्ड होत नाही’ एवढीच तक्रार येते. अशा वेळी बॉक्स बोर्डावरून बंद करून मागच्या दोन केबलींची अदलाबदल करा आणि सिग्नलच्या पानावर दोन्ही ट्यूनर पाहा. दोष दुसऱ्या ट्यूनरवर गेला तर केबल किंवा एलएनबीचं तोंड खराब. जागच्या जागी राहिला तर बॉक्समधला ट्यूनर.

पैसे भरून पाहायच्या चॅनेलची रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला बांधलेली असतात. डिस्क काढून लॅपटॉपला किंवा दुसऱ्या बॉक्सला लावली तर ती चालत नाहीत, हा बिघाड नाही. म्हणूनच ‘फॅक्टरी रीसेट’ आणि ‘फॉरमॅट’ ही बटणं दाबण्याआधी थांबा. लेकीच्या लग्नाच्या वेळी टीव्हीवर आलेली मुलाखत किंवा गावच्या यात्रेची बातमी त्यात असेल तर ती परत मिळणार नाही. आधी ती टीव्हीवर चालवून मोबाइलनं पडद्याचं चित्रण करून घ्या. दर्जा कमी येईल, पण आठवण राहील.

बॉक्सच्या मागे

बॉक्स बोर्डावरून बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. रिमोटनं बंद-चालू केल्यानं हे होत नाही, कारण तेव्हा आतली यंत्रणा जागीच असते. बोटं लावून बॉक्सचं तापमान पाहा. चटका बसत असेल, तर वरचं विणलेलं झाकण काढा, शोकेसच्या काचेआडून बाहेर घ्या आणि चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोकळे ठेवा. स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर बॉक्स ठेवणं चूक; खालची उष्णता वर चढते आणि आत हार्डडिस्क असेल तर तिचं आयुष्य घटतं.

डिशची केबल काढण्यापूर्वी बॉक्स बोर्डावरून बंद असलाच पाहिजे. या केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. चालू बॉक्सवर मधली तार बाहेरच्या कडेला टेकली तर शॉर्ट होतो. काही बॉक्स स्वतःला वाचवतात, सगळे नाही.

कनेक्टर काढून आत पाहा. मधली तांब्याची तार सरळ, चकचकीत आणि कनेक्टरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवी. आखूड असेल तर ती बॉक्सच्या आत नीट टेकत नाही, आणि केर काढताना बॉक्स हलला की चित्र जातं. बाहेरच्या बारीक तारांच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला शिवत असेल तर शॉर्ट. आणि तिथे ओल किंवा हिरवा गंज दिसला तर लक्षात घ्या: पाणी गच्चीवरून केबलच्या जाळीतून झिरपत खाली इथपर्यंत आलं आहे. ही केबल पूर्ण बदलायची, टोक कापून भागत नाही.

अ‍ॅडॉप्टर हा घरातला सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यातले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) जुने झाले की भार नसताना मीटरवर १२ व्होल्ट ठीक दिसतात, पण डिस्क फिरू लागली की व्होल्टेज कोसळतं. रेकॉर्डिंग सुरू होताच बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ते यामुळे. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिनचा आतला-बाहेरचा ध्रुव तोच, या तीन गोष्टी जुन्यावरच्या लेबलशी जुळवा.

ठराविक चॅनेलच जाण्याचं कारणही इथेच दडलेलं असतं. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देऊन उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे लहरींची कंपनं उभी असलेले चॅनेल मागतो, १८ देऊन आडव्याचे. अ‍ॅडॉप्टर दमला किंवा केबलमध्ये गंज असला की १८ पूर्ण पोहोचत नाहीत आणि चॅनेलचा तेवढाच गट नाहीसा होतो. एका एलएनबीवर साधा केबल टीव्हीचा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवले तरी असंच होतं, कारण एक बॉक्स १३ मागतो आणि दुसरा १८. दोन बॉक्सना दोन तोंडांचा एलएनबीच हवा.

अंगणातून नजर टाका

गच्चीवर चढण्याआधी खालून डिशसमोर काय आहे ते बघा. सातारा-सांगलीतून हे सगळे उपग्रह आग्नेयेला दिसतात. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी२एच ८८, डीडी फ्री डिश ९३.५, डिश टीव्ही ९५ आणि एअरटेल १०८.२ अंशांवर. आकडा जितका मोठा तितकी डिश पूर्वेकडे कलते आणि खाली पाहते: टाटा प्लेसाठी क्षितिजापासून साधारण ६८ अंश वर, फ्री डिशसाठी ६० च्या आसपास, एअरटेलसाठी ४७. डिश दिसायला उभी वाटते त्यावर जाऊ नका, हिच्या घडणीतच पंचवीसेक अंशांचा कल धरलेला असतो.

यावरून झाडाचा हिशोब करता येतो. एअरटेलच्या डिशसमोर दहा फुटांवर डिशपेक्षा दहा फूट उंच झाड असेल तर अडथळा होतो. फ्री डिशसाठी तेच झाड सतरा फुटांपर्यंत चालतं, टाटा प्लेसाठी त्याहून उंच. सुबाभूळ आणि शेवगा एका पावसाळ्यात एवढे वाढतात, की मे महिन्यात चालणारी डिश गणपतीत बंद पडते. ओली पानं लहरी जास्त अडवतात, म्हणून सुरुवातीला फक्त पाऊस पडून गेल्यावर त्रास होतो.

वर सांगितलेला सूर्य मागे येण्याचा काळ इथे कामी येतो. त्या दिवसांत, चित्र जातं त्याच क्षणी गच्चीवर जाऊन डिशवर सावली पाहा. उन्हात फक्त एलएनबी आणि त्याच्या दांड्याची सावली असेल तर समोरचा मार्ग मोकळा आहे. पानांची सावली पडत असेल तर नेमकी तीच फांदी उपग्रहाच्या आड आहे.

उसाच्या पट्ट्यात पाचट जाळल्याची काजळी डिशवर बसते. ती दिसायला वाईट, पण सिग्नलला तिचा फरक जाणवत नाही. डिश पुसायला म्हणून चढू नका. पुसताना ती हलण्याचा धोकाच मोठा.

गच्चीवर

फक्त कोरड्या, सपाट, कठडा असलेल्या स्लॅबवर जा. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या गच्चीवर नाही, आणि कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर तर कधीच नाही. तो पत्रा माणसाचं वजन न पेलता मोडतो. खाली बॉक्स बोर्डावरून बंद करून मगच वर जा.

एलएनबीचा कनेक्टर उघडा. इथेच दहातले बहुतेक बिघाड सापडतात. मीटर असेल तर खाली कुणाला तरी बॉक्स चालू करायला सांगून मधली तार आणि बाहेरची कड यांच्यात व्होल्टेज मोजा. १३ किंवा १८ च्या जवळपास यायला हवं. बॉक्सच्या मागे येतं आणि इथे येत नाही, तर केबल मेली. दोन्हीकडे येतं तरी सिग्नल शून्य, तर एलएनबी.

केबल आरजी-६, ७५ ओहमची हवी. लांबी ३० मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे वरच्या फ्रिक्वेन्सी आधी खचतात. वाटेत सांधा नको. असेल तर तो छताखाली आणा. वानरांचा वावर आहे तिथे, वाई-महाबळेश्वर-सज्जनगडाकडे, केबल लोंबकळती ठेवूच नका. वानरं तिला धरून झोका घेतात आणि आतली तार ताणून तुटते, बाहेरचं काळं आवरण मात्र शाबूत दिसतं.

नवा कनेक्टर बसवताना फिरवून बसणारा टाळा, दाबून बसवायचा घ्या. फिरवून बसवलेला लवकर सैल होतो. आतला पांढरा थर कनेक्टरच्या तळाशी सपाट बसायला हवा. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळून पाणी थांबत नाही; उन्हानं तिचा डिंक वितळतो आणि उलट आत ओल कोंडते. स्वतःशीच चिकटणारी रबर टेप घ्या, ताणून, खालून वर, अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळा, म्हणजे कौलांसारखा प्रत्येक वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी निसटून जातं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते तांबं खातं. एलएनबीखाली केबलला वीतभर झोळ द्या, म्हणजे थेंब तिथे गळून पडतात. घरात शिरण्याआधीही असाच झोळ, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी पाहा. माणदेशातल्या आणि जत-आटपाडीच्या उन्हात ती ठिसूळ होऊन तडकते आणि पहिल्याच वळवात पाणी आत जातं. कधी आत गांधीलमाशीचं घर असतं, तेव्हा हात घालण्याआधी बघा. टोपी तडकली असेल तर एलएनबी बदला, चिकटवून चालत नाही. काढण्यापूर्वी तो किती अंशांवर वळवला होता ती रेघ मार्करनं ओढा आणि नवा त्याच कोनात बसवा. हा कोन चुकला की उभे-आडवे चॅनेल एकमेकांत मिसळतात आणि क्वालिटी पडते.

डिश हलवायचीच असेल तर

वरचं सगळं करून झालं, केबल आणि एलएनबी निर्दोष, समोर आडोसा नाही, तरच. आधी ओळंबा लावून खांब सरळ आहे का पाहा. खांब वाकडा असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीचा कोनही बदलत जातो आणि दिवसभर फिरवूनही सिग्नल लागत नाही. खांबाचे फास्टनर सैल असतील तर तेच घट्ट केल्यावर अनेकदा काम भागतं. चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात त्या वाऱ्यात डिशचे नट दर पावसाळ्याआधी तपासावेच लागतात.

आताची जागा नेलपॉलिशनं खांबावर आणि क्लॅम्पवर खूण करून ठेवा. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. एक अंश म्हणजे डिशच्या कडेला पाच मिलिमीटर, आणि दोन इंची खांबावर अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून नट पूर्ण सोडू नका, फक्त जोर लावल्यावर सरकेल एवढा सैल करा. घरातल्या कुणाला सिग्नलच्या पानासमोर बसवून फोनवर क्वालिटीचा आकडा विचारत राहा. केसभर हलवा, हात काढा, पाच सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. क्वालिटी एका बाजूला कुठे पडते ती जागा शोधा, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्या मध्ये थांबा. नंतर वर-खाली तसंच. नट आवळताना डिश थोडी सरकते, तेव्हा दोन्ही बाजूंचे आलटून-पालटून आवळा आणि शेवटी आकडा पुन्हा विचारा. होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी खांबापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा.

घाटमाथ्यावर रोजच्या पावसात फारच त्रास असेल तर ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश साडेतीन डेसिबलचा, म्हणजे सव्वादोन पट सिग्नलचा आधार देते. सरींतला खंड कमी होतो, ढगफुटीसारख्या पावसात मात्र तीही बंदच पडते. मोठ्या डिशवर वारा जास्त लागतो, तिची नजरही अरुंद असते, म्हणून तिला खांब जाड हवा.

इथे थांबा

डिशच्या खांबाला किंवा केबलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पुढे काहीही तपासू नका. कनेक्टर सोडा, बॉक्स आणि टीव्ही बोर्डावरून बंद करा आणि वायरमनला अर्थिंग पाहायला बोलवा. महावितरणच्या तारा डिशच्या किंवा खांबाच्या आवाक्यात असतील तर त्या कामाला स्वतः हात घालू नका, केबल ओढतानासुद्धा नाही.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की गच्चीवर जायचं नाही आणि बॉक्सच्या मागच्या केबलला हातही लावायचा नाही. आभाळ भरून येताना, वीज चमकण्याआधी, प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसता प्लग काढून उपयोग नाही. वीज केबलच्या वाटेनं येते आणि एचडीएमआयमधून टीव्हीपर्यंत जाते. असा तडाखा बसलेला बॉक्स दुकानात दाखवा, घरी उघडू नका.

भाड्याचा किंवा वॉरंटीतला बॉक्स स्क्रू काढून उघडू नका. अ‍ॅडॉप्टर बदलूनही तो दर पाच मिनिटांनी बंद-चालू होत असेल, ट्यूनर मेला असेल किंवा आतली हार्डडिस्क खडखडत असेल, तर ते कंपनीचं काम.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णाकाठी घराघरांत पाणी शिरलं. तसा पुरात बुडालेला बॉक्स किंवा डिस्क वाळलेली दिसली तरी चालू करून बघू नका. गाळाचं पाणी आतल्या सर्किटच्या पट्टीवर मीठ-माती सोडून जातं आणि वीज लागताच भाग जळतात. डिस्कवर ठेवण्यासारखं काही असेल तर ती पुसायचा, वाळवायचा प्रयत्न न करता तशीच डेटा परत मिळवणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्या.

तंत्रज्ञाला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: पडद्यावरचा संदेश आणि क्रमांक, आजची स्ट्रेंथ-क्वालिटी आणि चांगल्या दिवसाचा फोटो, चित्र जाण्याच्या टिपलेल्या वेळा, आणि रेकॉर्डिंग तीनदा चालवल्यावर चौकोन त्याच जागी येतात की नाही. तो आल्यावर एलएनबीचा जुना कनेक्टर कापून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आत हिरवं दिसलं, तर बॉक्स बदलायची गरज नव्हती.